आरोग्याच्या भागीदारीत मार्गासनीचा वाटा किती?

शनिवार-रविवार आला की पुण्याच्या गाड्या नसरापूरवरून आत वळतात. मार्गासनीला पोचल्यावर काही साखर, गुंजवण्याच्या रस्त्याने राजगडाच्या पायथ्याला जातात, काही सरळ वेल्ह्याला तोरण्याकडे. आजारी माणूस त्याच रस्त्याने उलट्या दिशेने निघतो. मार्गासनीहून नसरापूर, नसरापूरहून महामार्ग आणि पुढे कात्रजच्या पलीकडचे पुणे. तालुक्याच्या गावी, वेल्ह्याला, ग्रामीण रुग्णालय आहे. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण बाळंतपण अडले, छातीत कळ आली, भाताच्या खाचरात साप चावून अंग निळे पडू लागले, की घरातल्या म्हातारीपासून पोरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो: पुण्याला न्या!

या तालुक्याला आता सरकारदरबारी राजगड तालुका म्हणतात. माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे ५४ हजार भरली. पुणे जिल्ह्यातला हा सर्वांत कमी लोकवस्तीचा तालुका. डोंगरात विखुरलेल्या वाड्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, पानशेत-वरसगावच्या धरणांनी उठवलेली गावे. इथले पाणी पुण्याला जाते, पोरेही कामाला तिकडेच जातात. आजारपण तेवढे इथे उरते.

हे सांगायचे कारण असे की, त्याच पुण्यात गेल्या काही वर्षांत आरोग्याच्या धंद्यात मोठमोठ्या भागीदाऱ्या झाल्या. पुण्यात सुरू झालेल्या सह्याद्री हॉस्पिटल्स या साखळीचे उदाहरण घ्या. २०१९ मध्ये एव्हरस्टोन या गुंतवणूकदार कंपनीने तिच्यात मोठा हिस्सा घेतला. २०२२ मध्ये तो हिस्सा कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातील शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे गेला. २०२५ मध्ये मणिपाल हॉस्पिटल्सने ही साखळी विकत घेण्याचा करार जाहीर केला. वर्तमानपत्रांनी सौद्याचा आकडा सुमारे ६,४०० कोटी रुपये दिला. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, कराड या शहरांतली ११ रुग्णालये एका हातातून दुसऱ्या हातात गेली. यात बेकायदेशीर काही झाले असे आमचे म्हणणे नाही. आम्ही फक्त इतकेच पाहतो की, कॅनडातल्या मास्तरांच्या म्हातारपणाची सोय आपल्याकडच्या रुग्णाच्या बिलातून होऊ शकते, आणि आपल्याकडचा मास्तर मात्र जुन्या पेन्शनसाठी मोर्चे काढतो. आणि नाव सह्याद्री असले तरी खऱ्या सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीपर्यंत या सौद्यातला एक पलंगही येत नाही.

कुठलेही भागीदारीपत्र उघडा. भांडवल कुणी किती घातले, नफा कसा वाटायचा, तोटा कुणी सोसायचा आणि सही कुणाची चालायची, एवढ्या चार गोष्टी त्यात असतात. आरोग्याच्या धंद्याकडे या चार गोष्टींच्या नजरेने पाहिले तर एक गंमत दिसते. आपण या धंद्यात केवळ गिऱ्हाईक आहोत असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण भांडवल घातलेले भागीदार आहोत. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना करात सूट मिळते. अनेकांना सरकारी जमीन सवलतीत, जादा चटईक्षेत्रासह मिळालेली आहे. ही सूट आणि ती जमीन जनतेची आहे. वॉर्डात फरशी पुसणारा, रक्ताचे बोळे उचलणारा, शवागारात प्रेत हलवणारा माणूस बहुतेक ठिकाणी आपल्याच वस्तीतला आहे. सरकारी योजनांतून खाजगी रुग्णालयांना जाणारा पैसाही तुमच्या-आमच्या मीठमिरचीवरच्या करातला आहे. चौथी गोष्ट, म्हणजे सही, तेवढी आपली नाही.

आता सरकारच्या भागीदारीकडे येऊ. महाराष्ट्रात १९९७ पासून जीवनदायी आरोग्य योजना होती. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव दिले गेले. पुढे केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडली गेली. २०२३ च्या शासन निर्णयाने दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर नेले, १,३५६ उपचार त्यात घेतले आणि कुठल्याही रंगाच्या शिधापत्रिकेवर योजना खुली केली. १ जुलै २०२४ पासून हे लागू झाले. या योजनेने अनेकांच्या घरावरचे कर्ज वाचवले, हृदयाची झडप, डायलिसिस, कॅन्सरची केमो गरिबाच्या आवाक्यात आली. हे मान्य न करणे खोटेपणाचे ठरेल.

पण योजनेचे यंत्र समजून घ्या. ही योजना दाखल झालेल्या रुग्णाच्या, यादीत बसणाऱ्या उपचाराचे, अंगीकृत रुग्णालयाला ठरलेल्या दराने पैसे देते. म्हणजे आजार आधी मोठा व्हावा लागतो. मार्गासनीतल्या बाईचा रक्तदाब गावात कुणी मोजत नाही, तिला गोळी नियमित मिळत नाही, तोवर योजना गप्प असते. एके दिवशी तिला अर्धांगवायूचा झटका येतो आणि मग कार्ड चालू होते! पुण्यापर्यंतचे भाडे, सोबत गेलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, रुग्णालयाबाहेरचे चार दिवसांचे जेवण यांचा हिशेब कोण देतो? आणि दर परवडत नाही म्हणून एखाद्या अंगीकृत रुग्णालयाने खाट नाही असे सांगितले, तर दारात उभा असलेला माणूस काय करतो? योजनेत रुग्णालय, विमा कंपनी आणि सरकार यांचे करार आहेत. रुग्णाच्या हातात कार्ड आहे, करारावर त्याची सही नाही.

ज्यांचे नाव योजनेला दिले त्यांच्या घराने आरोग्याची भागीदारी कशी केली होती? १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी डॉक्टर झालेल्या यशवंताला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले मूल त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. १० मार्च १८९७ रोजी त्याच प्लेगने त्या गेल्या. तोटा सोसण्याचा वाटा त्यांनी स्वतःकडे घेतला होता.

ससूनचीही गोष्ट सांगितली पाहिजे. बगदादहून मुंबईत आलेल्या ज्यू व्यापाऱ्याने, डेव्हिड ससूनने, पैसा दिला, सरकारने जबाबदारी घेतली आणि १८६७ मध्ये पुण्यात रुग्णालय उभे राहिले. तीही खाजगी-सरकारी भागीदारीच. देणगीदाराचे नाव पाटीवर राहिले आणि दार सगळ्यांना उघडे राहिले. ससूनमधल्या गर्दीला, घाणीला, अधूनमधून बाहेर येणाऱ्या भानगडींना आम्ही डोळे झाकत नाही. तरीही वेल्हे-भोरच्या गरीब माणसाला आज शेवटी ससूनच आठवते, याचा अर्थ काय?

धर्मादाय रुग्णालयांचा विषय जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या लोकांचा हक्क इथे सर्वांत जास्त बुडतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना, या दोन्हींमुळे धर्मादाय रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावी लागते. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. पुणे जिल्ह्यात अशी पन्नासहून अधिक रुग्णालये आहेत. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून जीव वाचवण्याचे उपचार द्यायचे, अनामत रकमेसाठी अडवायचे नाही, असेही त्या योजनेत आहे. असे असताना २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात गरोदर बाईकडे दहा लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप झाला. जुळ्या मुलींना जन्म देऊन दुसऱ्या रुग्णालयात ती बाई मरण पावली. राज्यभर गदारोळ झाला, चौकशा झाल्या. त्या घरची राजकारणात ऊठबस होती, मंत्रालयातून फोन गेले होते, असे तेव्हा सांगितले गेले. ज्याच्यासाठी मंत्रालयातून फोन जात नाही अशा मार्गासनीच्या माणसाचे त्या काउंटरवर काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

आता कट. डॉक्टरी भाषेत यालाही जोडणी, संपर्क, सहकार्य अशी गोड नावे आहेत. गावच्या डॉक्टरने रुग्ण शहरात पाठवायचा, शहरातल्या तपासणी केंद्राने किंवा रुग्णालयाने त्याला टक्केवारी पोचवायची. आरोग्याच्या धंद्यातली खरी जुनी, चिवट आणि सर्वदूर पसरलेली भागीदारी ही आहे. तिला भागीदारीपत्र लागत नाही. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. ज्या महाडला बाबासाहेबांनी १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, त्याच महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग सिद्ध केला आणि कोकणातले विंचवाने होणारे मरण कितीतरी पटींनी कमी केले. हे काम पंचतारांकित संशोधन केंद्रात झालेले नाही. त्याचा पाया बिरवाडीच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात घातला गेला. या बावस्करांना २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून रुग्ण पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो खिशात घातला नाही, वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. त्यानंतर २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार करवला. मसुदा झाला तो मसुदाच राहिला.

आंबेडकरी चळवळीला या सगळ्यात आणखी एक गोष्ट टोचली पाहिजे. सरकारी रुग्णालयातले काम खाजगी भागीदाराकडे गेले की आरक्षण संपते. संविधानाचे कलम १६ (४) सरकारी नोकरीला लागू आहे, ठेकेदाराच्या हजेरीपटाला नाही. २६ जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा बीव्हीजी या कंपनीमार्फत ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्या गाडीने अनेकांचे प्राण वाचवले, ही सेवा नको असे कोण म्हणेल? पण ती सेवा जिल्हा परिषदेची असती तर चालक, डॉक्टर, मदतनीस यांच्या जागा बिंदुनामावलीने भरल्या गेल्या असत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये तर राज्य सरकारने नऊ खाजगी कंपन्यांमार्फत सरकारी पदे भरण्याचा निर्णयच काढला होता. आंदोलने झाली तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला, पद्धत गेली नाही. सफाई, सुरक्षा, स्वयंपाकघर, धुलाई ही कामे ठेक्यावर गेलीच आहेत. जातीने जे काम शतकानुशतके आपल्या माथी मारले, ते काम सरकारी होते तेव्हा त्याला निदान पगार, रजा, पेन्शन आणि युनियन होती. आज तेच काम आहे, तीच माणसे आहेत, फक्त मालक कोण हे विचारले तर तीन कंपन्यांची नावे सांगतात आणि तिन्ही हात वर करतात. ज्याच्या हातमोज्याला भोक आहे त्याला आरोग्य क्षेत्राच्या वाढीचे आकडे दाखवून काय उपयोग?

बाबासाहेबांनी भागीदारीला विरोध केला नव्हता. भागीदारीत कामगाराची सही घातली. ते १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. त्यांच्याच खात्याच्या काळात, १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. मालक, कामगार आणि सरकार असे तीन पक्ष. आज मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. कामगार आजारी पडला तर औषध मिळते, शिवाय बुडालेल्या मजुरीचा भागही मिळतो; बाळंतपणाची रजा पगारी असते. आणि महामंडळात कामगारांचे प्रतिनिधी बसतात, हे महत्त्वाचे. आज त्या दवाखान्यांची अवस्था अनेक ठिकाणी दयनीय आहे हे खरे, पण आराखडा पाहा: लाभार्थी हा शब्द तिथे नाही, विमाधारक हा शब्द आहे.

वेल्हे-भोरची शेकडो पोरे शिरवळला, खेड-शिवापूरच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे कामाला आहेत. त्यांतल्या किती जणांनी आपली विमा वर्गणी भरली जाते की नाही हे तपासले आहे? महिना २१ हजारांपर्यंत वेतन असलेला, कायदा लागू असलेल्या कारखान्यातला ठेक्याचा कामगारही त्यात येतो. पगारातून कापले आणि भरले नाही असा प्रकार असेल तर ती चोरी आहे. मार्गासनीच्या घरातला एक मुलगा विमाधारक झाला तर त्याच्यावर अवलंबून असलेले आईबाप, बायको, पोरे सगळी त्या छत्राखाली येतात. हे कार्ड कुण्या पुढाऱ्याच्या मेहेरबानीने मिळत नाही, स्वतःच्या घामाच्या वर्गणीने मिळते.

गावाला सोबत घेणारी भागीदारी आपल्याच महाराष्ट्रात झालेली आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला गेले. त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांत दलित बाया होत्या, विधवा होत्या, टाकलेल्या होत्या. पाण्याचा प्रश्न आला तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला गेला. तहान लागली की सवर्णांच्या घागरी वस्तीत यायच्या! व्याख्यानाने जे झाले नसते ते हापशाच्या दांडीने केले. जुलाबाचे मरण कमी झाले, बालमृत्यू घटले आणि काल जिची सावली नको होती तिच्या हातून पाटलाच्या सुनेचे बाळंतपण होऊ लागले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुणे जिल्ह्यातही १९७० च्या दशकात के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सरकारी यंत्रणेला सोबत घेऊन शिरूर तालुक्यातल्या वढूला असेच काम उभे केले. वढू म्हणजे भीमा कोरेगावच्या शेजारचे गाव, तिथला इतिहास आपल्या वाचकांना सांगावा लागत नाही. या दोन्ही ठिकाणी मोठे रुग्णालय गावापाशी गेले, गावाने माणूस दिला आणि गावाचा माणूस कामात राहिला.

सरकारने या विचाराची उसनवारी पुढे केली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली, गाव पातळीवर आरोग्य समिती आली, रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आल्या. गावच्या समितीत निम्म्या तरी बाया हव्यात, अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी हवेत, असे नियमात आहे. वर्षाला दहा हजार रुपयांचा मुक्त निधी त्या समितीच्या हाती ठेवण्याची तरतूद होती. २००७ मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचे उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच दवाखान्याला गुण द्यायचे, जनसुनवाईत डॉक्टर आणि अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारायचा. औषध बाहेरून का आणायला लावले? नर्सबाई आठवड्याला वाडीवर का आली नाही? सरकारी खुर्चीला हा प्रश्न वस्तीतल्या बाईने विचारणे हीच मोठी गोष्ट होती.

तेव्हा भागीदारी करायची तर ती इथून. समितीच्या कागदावर बौद्धवाडीतल्या बाईचे नाव आहे का, की सरपंचाच्या भावजयीची सही तिच्या नावापुढे होते? ग्रामसभेत हे एकदा मोठ्याने वाचायला लावा. ही लढाई एकट्या बौद्धवाडीची नाही. कातकऱ्याचे पोर कुपोषणाने जाते, महादेव कोळ्याची बाई वाटेतच बाळंत होते, मराठ्याच्या घरातही डायलिसिससाठी खाचर विकले जाते. रोग जात विचारत नाही. दवाखान्याच्या दारातला माणूस विचारतो. आपल्या समाजातून शिकलेले डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते आता पुण्यात पुष्कळ आहेत. जयंतीला त्यांचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ घेऊन ते जातात. त्यांच्याकडून महिन्यातला एक रविवार मागा: वेल्ह्याच्या वाडीवर रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासायला. आणि आशाताई गावात जे काम करतात त्याचा मोबदला वेळेवर मिळावा म्हणून त्यांनी २०२१ मध्ये, २०२३ मध्ये संप केले, त्या संपाच्या मंडपात आपला निळा झेंडा किती ठिकाणी गेला?

कागदाचे काम त्याहून सोपे आणि त्याहून दुर्लक्षित. उत्पन्नाचा दाखला आजारी पडल्यावर मिळत नाही, आधी काढून ठेवावा लागतो. तहसील कचेरीच्या शिबिरात तो प्रत्येक घराने दरवर्षी काढावा, शिधापत्रिकेवर सुनेचे आणि नातवाचे नाव चढले आहे का ते पाहावे. कुठल्या धर्मादाय रुग्णालयात राखीव खाटा किती रिकाम्या आहेत याची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर दिली जाते. रुग्णालय माहिती देत नसेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालय हे सरकारी कार्यालय आहे, तिथे माहितीचा अधिकार चालतो: निर्धन रुग्ण निधीत किती जमा झाले, किती खर्चले, कोणत्या तालुक्यातल्या किती रुग्णांवर. वेल्हे तालुक्यापुढचा आकडा काय येतो ते पाहायला अर्जावर दहा रुपयांचे तिकीट लागते.